घरच्या आकड्यातून ६० वजा करू नका, आधी बाबांचा पीसीव्ही बघा

तुमची पोस्ट रात्री वाचली आणि झोपच लागेना, म्हणून लिहायला बसले. बाबांना अठरा वर्षांचा मधुमेह, आठ महिन्यांपासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सकाळी उपाशीपोटी घरच्या ग्लुकोमीटरवर २४८, त्याच सकाळी लॅबमध्ये १८१. आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट, मात्र ५.९, म्हणून डॉक्टर खूश. तुम्ही विचारलंय की मीटर बदलू का, घरच्या आकड्यातून सरळ ६० वजा करून चाललं तर चालेल का, आणि रात्रीचं इन्सुलिन दोन युनिट वाढवू का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. डायलिसिसच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एक युनिटसुद्धा वाढवू नका. मी डॉक्टर नाही, नर्स नाही. आईचं डायलिसिस साडेचार वर्षं सांभाळलेली मुलगी आहे, एवढाच माझा अधिकार. पण तुमच्या जागी मी होते, आकडेही जवळपास हेच होते, आणि मी इन्सुलिन वाढवलं होतं.

साखर कशी तपासायची, सुई कुठे टोचायची, हे तुम्हाला येतंच, ते सांगत नाही. फिश्चुलाच्या, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला शीर जोडून तयार केलेल्या, हाताचं बोट टोचायचं नाही आणि त्या हाताला बीपीचा पट्टा लावायचा नाही, हेही केंद्रात सांगितलं असेलच.

तुमच्या पोस्टमधले तिन्ही आकडे एकमेकांशी भांडताहेत असं वाटतं, पण त्यामागचं कारण बहुधा एकच आहे: बाबांचं रक्त पातळ झालंय, म्हणजे त्यातल्या लाल पेशी कमी झाल्यात. किडनी गेली की रक्तपेशी बनवायला सांगणारं इरिथ्रोपोएटीन कमी पडतं, हिमोग्लोबिन खाली येतं. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीच्या, रिपोर्टवर 'पीसीव्ही' किंवा 'हिमॅटोक्रिट' असा आकडा असतो. रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के, ते तो सांगतो. मीटरच्या पट्टीवर थेंब ठेवला की त्यातली साखर पट्टीच्या रसायनापर्यंत पोचायची असते आणि लाल पेशी म्हणजे त्या वाटेतली गर्दी. गर्दी कमी झाली की साखर भराभर पोचते आणि मीटर जास्त आकडा दाखवतं. एचबीएवनसीचं बरोबर उलटं होतं. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, तेवढ्या काळात तिच्यावर साखर चढते आणि ती ही टेस्ट मोजते. डायलिसिसवरच्या माणसाच्या पेशी लवकर मरतात. इरिथ्रोपोएटीनच्या इंजेक्शनमुळे नव्या कोऱ्या पेशी येत राहतात, मध्ये कधी रक्त चढवलं तर दुसऱ्याच माणसाच्या पेशी येतात. मग ५.९ दिसतं, आणि त्या ५.९ वर खूश होण्यात अर्थ नसतो. म्हणजे मीटरचा आकडा खऱ्यापेक्षा वर आहे, एचबीएवनसीचा खाली आहे, आणि बाबांची खरी साखर मधे कुठेतरी आहे.

आईचं हिमोग्लोबिन तेव्हा ७.४ होतं आणि पीसीव्ही २२. आमच्या पट्टीच्या डबीबरोबर एक घडीचा कागद होता, अगदी बारीक इंग्रजी अक्षरांचा. त्यावर लिहिलं होतं की ही पट्टी हिमॅटोक्रिट ३० ते ५५ असेल तरच चालते. तो कागद मी डबी उघडल्या दिवशीच कचऱ्यात टाकला होता. सगळेच टाकतात. नंतर नवी डबी आणली तेव्हा, सगळं होऊन गेल्यावर, भिंग घेऊन तो वाचला.

झालं काय ते सांगते, कारण तुमच्याकडे हे व्हायला नको. आमचं घर कोकणात, तालुक्याच्या गावापासून तासभर आत. डायलिसिस सुरू व्हायच्या दोन वर्षं आधी आमच्या जुन्या डॉक्टरांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं होतं: साखर २०० च्या वर असेल तर रात्रीचं इन्सुलिन दोन-दोन युनिटने वाढवा. ती चिठ्ठी फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेली होती. चिठ्ठी तीच राहिली, आई बदलली. निरोगी किडनी इन्सुलिनचा बराच भाग शरीरातून काढून टाकते. किडनी बंद पडली की तेच इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं, म्हणून अशा रुग्णांचा डोस बहुतेक वेळा कमी करावा लागतो, कित्येकांचा निम्म्यावर येतो. हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. दहा दिवसांत मी आठ युनिटचे बारा केले.

त्या मंगळवारी डायलिसिस होऊन आई संध्याकाळी घरी आली. मळमळत होतं. अर्धी भाकरी आणि थोडी डाळ, बस. रात्री दहाला मीटरवर २१४ आलं. मी बारा युनिट दिलं आणि झोपले.

तीन वाजून वीस मिनिटांनी जाग आली ती कसल्याशा आवाजाने. आई अंथरुणावर बसून गोधडीचा कोपरा घडी करत होती. घडी करायची, उलगडायची, परत घडी करायची. ब्लाऊज घामाने चिंब. मी विचारलं, "आई, काय होतंय?" ती काहीतरी बोलली पण शब्द जड, कळेना. मी दिवा लावायला वळले आणि तेवढ्यात ती उठली. न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडली ती उजव्या हातावर. मीटरने ४७ दाखवलं. तालुक्याला पोचल्यावर शिरेतून ग्लुकोज देण्याआधी घेतलेल्या रक्ताचा लॅबचा आकडा आला ३१. वाटेत मी थोडी साखर भरवली होती, तरीही ३१. घरच्या मीटरने ४७ सांगितलं तेव्हा खरी साखर किती खाली असेल, ते तुम्हीच बघा.

उजवं मनगट मोडलं. डाव्या हाताला फिश्चुला. डाव्या हाताला बीपीचा पट्टा नाही, सुई नाही, वजन उचलायचं नाही. आणि उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, सहा आठवडे. बीपी पायाला घ्यावं लागे. साखर तपासायला प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटांची टोकं, तीही सुजलेली. जेवण मी भरवायचे. माझी आई, जिने आयुष्यात कुणाच्या हातचा घास घेतला नाही, ती मान वळवून बसायची आणि म्हणायची, "पुरे, पोट भरलं." पोट भरलेलं नसायचं. प्लास्टर निघाल्यावरही उजव्या हातात पूर्वीची ताकद आली नाही. याची किंमत मला कशात मोजता येत नाही, म्हणून एवढं लांबवून सांगतेय.

आता मीटर कंपनीच्या मदतवाहिनीबद्दल. नाव घेणार नाही. त्या रात्रीच्या आधी तीन आठवड्यांत मी तीन वेळा फोन केला होता. घरी २४० आणि लॅबमध्ये १७८, असं का? तिन्ही वेळा वेगळा माणूस, तिन्ही वेळा तेच उत्तर: कंट्रोल सोल्युशन टाकून बघा. टाकलं. आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत आला. "मग मॅडम, तुमचं मीटर एकदम व्यवस्थित आहे." एकानेही विचारलं नाही की रुग्णाला किडनीचा आजार आहे का, हिमोग्लोबिन किती आहे. कंट्रोल सोल्युशन हे साखरेचं पाणी असतं, त्यात लाल पेशीच नसतात. त्यामुळे पट्टी खराब झाली आहे का एवढं ते सांगू शकतं, आईच्या रक्तात ती चुकते का हे ते कधीच सांगू शकणार नाही. त्यांच्याच कागदावर ३० ते ५५ छापलेलं आहे आणि त्यांच्याच फोनवर बसलेल्या माणसाला तो प्रश्न विचारायला शिकवलेलं नाही, याचा मला आजही संताप येतो. अपघातानंतर मी ईमेल केला. 'आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या' एवढंच उत्तर आलं.

तुमच्या ६० वजा करण्याच्या कल्पनेकडे येते. मीही वहीत तसा एक रकाना आखला होता, म्हणून ती कल्पना कुठून येते ते मला कळतं. पण फरक कायम तेवढाच राहत नाही. इंजेक्शनं सुरू होऊन हिमोग्लोबिन ७ वरून १० वर गेलं की मीटरची चूक बदलते. डायलिसिसमध्ये अडीच-तीन लिटर पाणी काढलं की तात्पुरतं रक्त घट्ट होतं, म्हणजे केंद्रात जाण्यापूर्वीची चूक वेगळी आणि आल्यावरची वेगळी. आणि साखर ५० असताना मनात त्यातून ६० वजा करून काय मिळणार?

शिवाय लॅबचा आकडाही डोळे मिटून घेऊ नका. रक्त साध्या नळीत घेऊन चार तास पडून राहिलं तर नळीतल्याच पेशी साखर खातात आणि आकडा खाली येतो. आमच्याकडे नमुने दुपारच्या एसटीने जायचे. राखाडी झाकणाची, फ्लोराइडची नळी वापरायला सांगा. घरी बोट टोचायचं आणि लॅबचं रक्त घ्यायचं यात पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त अंतर नको, आणि तुलना उपाशीपोटीच करा. मीटर आपल्यासोबत लॅबमध्येच न्या, हे सगळ्यात सोपं. थोडा फरक राहणारच. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या २०१३ च्या निकषाप्रमाणे १०० च्या वरच्या आकड्यात १५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे खरी साखर १८० असताना मीटरने २०५ दाखवलं तरी ते पास. तुमचं २४८ मात्र त्यात बसत नाही.

कुठलं मीटर घ्यावं? ब्रँड सांगणार नाही, कारण पट्ट्या बदलत राहतात. माझं ठाम मत एवढंच: दुकानात मीटरचा रंग आणि ॲप बघू नका, पट्टीचा कागद उघडायला लावा आणि हिमॅटोक्रिटची मर्यादा वाचा. खालची मर्यादा २० किंवा त्याहून कमी असलेल्या पट्ट्या मिळतात, काहींची १० पासून सुरू होते. दुकानदार कंटाळला तर दुसरं दुकान. पावसाळ्यात पट्टीची डबी उघडी ठेवू नका, आमच्याकडे जुलैमध्ये दमट हवेने अख्खी डबी वाया गेली आहे. आणि टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. डायलिसिसहून येताना गाडीत बिस्किट किंवा सफरचंदाची फोड खाल्लेली असते, बोटाला लागलेली ती साखर थेंबात मिसळते आणि आकडा शंभराने चढू शकतो. स्पिरिटचा बोळा फिरवून ती नीट जात नाही.

दंडावर लावायचं, सतत साखर मोजणारं चौदा दिवसांचं सेन्सर आम्ही दोनदा वापरलं. त्याच्या माहितीपत्रकात डायलिसिसच्या रुग्णांवर तपासलेलं नाही असं स्पष्ट लिहिलं होतं, त्यामुळे त्याच्या आकड्यावर इन्सुलिन ठरवलं नाही. पण एक गोष्ट त्याने दाखवली जी मला वर्षभर कळली नव्हती: डायलिसिसच्या तिसऱ्या तासाला आईची साखर घसरायची आणि रात्री परत चढायची. साखर मशीनच्या गाळणीतून जाते. टेक्निशियनना विचारा, तुमच्या केंद्रातल्या डायलिसिसच्या द्रावणात, म्हणजे 'पार्ट ए'च्या कॅनमध्ये, ग्लुकोज आहे की नाही. दोन्ही प्रकार वापरात आहेत. आमच्या किडनीच्या डॉक्टरांनी हे कळल्यावर डायलिसिसच्या दिवसाचा डोस वेगळा लिहून दिला. तो आईपुरता आहे, म्हणून इथे लिहीत नाही.

साखर खाली गेली तर शहाळं देऊ नका, मोसंबीचा रसही नको. त्या रात्री शेजारची काकू मायेने शहाळं फोडून घेऊन आली होती. डायलिसिसच्या माणसाला त्यातलं पोटॅशियम धोक्याचं आहे. तीन चमचे साखर अर्ध्या कप पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासणी. गिळता येत नसेल, शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका, गाडी काढा. मीही वाटेत साखर भरवायला नको होती, आई धड गिळत नव्हती.

ज्यांच्या घरी पोटाचं डायलिसिस आहे त्यांच्यासाठी एक ओळ, कारण खाली एका ताईंनी विचारलंय. त्यातल्या आयकोडेक्स्ट्रिन नावाच्या द्रावणाच्या पिशवीमुळे रक्तात माल्टोज ही वेगळी साखर वाढते आणि काही पट्ट्या माल्टोजलाच ग्लुकोज समजतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००९ मध्ये यावर इशारा दिला होता, तेव्हा अशा १३ मृत्यूंची नोंद त्यांच्याकडे होती. पट्टीच्या कागदावर 'जीडीएच-पीक्यूक्यू' (अशा पट्टीतल्या रसायनाचं नाव) लिहिलेलं असेल तर ती वापरू नका.

आणि विषय निघालाय म्हणून: बाबांना एसीमुळे थंडी वाजते म्हणून डायलिसिस चालू असताना फिश्चुलाच्या हातावर शाल घालत असाल तर तो हात उघडा ठेवा. सुई निसटली तर मशीनचा अलार्म प्रत्येक वेळी वाजेलच असं नाही, आणि रक्त मिनिटाला तीनशे मिलीने फिरत असतं. शाल पायावर घाला, छातीवर घाला.

आता तुम्ही एवढं करा. बाबांचा शेवटचा सीबीसी काढा आणि पीसीव्ही किती आहे ते बघा. पट्टीच्या डबीचा कागद टाकून दिला असेल तर दुकानातून नवा मागा. ते दोन आकडे, वहीतल्या आठवड्याभराच्या नोंदी आणि सध्याचा इन्सुलिनचा डोस घेऊन उद्या केंद्रात किडनीच्या डॉक्टरांना भेटा. आज रात्री मीटरने २४८ दाखवलं तरी नेहमीचाच डोस, आणि झोपण्यापूर्वी बाबा काय जेवले ते नक्की बघा. नीट जेवले नसतील तर डोस देण्याआधीच डॉक्टरांना फोन करा. इथे पीसीव्ही लिहिलात तर मी सकाळी परत बघेन.