1977 च्या जीएमसी मोटरहोममधला (म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीतला) आतच बसवलेला व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्त करावा की काढून टाकावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 26 फुटी जीएमसी ॲरिझोनातून घेतलीत, ती सहा वर्षं एका शेडमध्ये उभी होती. पलंगाखालच्या कपाटात बसवलेला व्हॅक्यूम क्लीनर आवाज करतो, पण केर ओढत नाही. घरातून सल्ला आलाय, "काढा ते धूड, कॉर्डलेस घेऊ, कपाट तरी मोकळं होईल."

माझ्याकडे 1976 ची आहे, गेली नऊ वर्षं. राहतो मिशिगनमध्ये, म्हणजे ही गाडी जिथे जन्मली त्या पाँटिॲकपासून फार लांब नाही. 1973 ते 1978 एवढ्याच काळात या गाड्या निघाल्या, एकूण 13 हजारांपेक्षा थोड्या कमी, त्यामुळे अशी गाडी पाळणारे एकमेकांच्या भानगडीत आपणहून नाक खुपसतात. मीही तेच करतोय. माझ्या गाडीतही पलंगाखाली असंच धूड होतं आणि आमच्याकडेही हाच वाद झाला. मी ते ठेवलं. तुम्ही ठेवावं की नाही हे केर ओढण्याच्या ताकदीवर ठरवू नका, कारण गेलेली ओढ बहुतेक वेळा परत आणता येते. केर कुठे जातो, गरम हवा कुठे बाहेर पडते आणि जमिनीवर काय अंथरलंय, यावर ते ठरतं.

पण त्याआधी एक सांगतो: तो आता पुन्हा चालू करू नका. ॲरिझोनात सहा वर्षं उभी राहिलेली गाडी म्हणजे उंदरांची धर्मशाळा. त्या भागातल्या डिअर माउस जातीच्या उंदरांच्या मुतातून आणि लेंड्यांतून हंता विषाणू पसरतो. 1993 मध्ये ॲरिझोना, न्यू मेक्सिको, कोलोरॅडो आणि युटा जिथे एकमेकांना भेटतात त्या भागात माणसं दगावली, तेव्हा तो उजेडात आला. वाळलेल्या लेंड्यांची धूळ श्वासातून आत गेली की धोका असतो. म्हणूनच सीडीसी, म्हणजे अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था, स्पष्ट सांगते की उंदरांची घाण झाडायची नाही आणि व्हॅक्यूमनेही ओढायची नाही. दारंखिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा. मग रबरी हातमोजे घालून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण त्या जागी भरपूर फवारा, पाच मिनिटं भिजू द्या आणि कागदाने पुसून पिशवीत बांधून टाका. नळी आणि केराची पिशवी तर उघडूनही बघत बसू नका, सरळ फेका. पन्नास वर्षांची नळी तशीही कामाची राहिलेली नसते.

नळी जिथे जोडतात त्या भिंतीतल्या तोंडापासून डब्यापर्यंत एक पाइप जातो. माझ्या पाइपातून काय निघालं सांगू? इन्सुलेशनच्या फोमचा पिवळा चुरा, सूर्यफुलाच्या बियांची टरफलं आणि अर्धवट कुरतडलेली बदाम राणी. आधीच्या मालकांचा रमीचा डाव कधीतरी एका पत्त्याने अपुरा पडला असणार.

साफसफाई झाली की मग कानाने तपासा. नळी काढा, मोटर चालू करा आणि भिंतीतल्या तोंडावर तळहात घट्ट दाबा. आवाज चढला पाहिजे, पातळ आणि वरच्या पट्टीत. अनेकांना वाटतं की आवाज चढला म्हणजे मोटरवर ताण आला. असतं उलटं. पंख्याला ढकलायला हवाच मिळाली नाही की त्याचं ओझं उतरतं आणि मोटर मोकाट फिरते. तेव्हा तळहात लावून आवाज चढला आणि हाताला ओढही जाणवली, तर मशीन ठणठणीत आहे, दोष नळीचा होता. आवाज तळहात लावायच्या आधीपासूनच चढलेला असेल तर पाइपात काहीतरी तुंबलंय. आणि तळहात लावूनही आवाज ढिम्म बदलला नाही, तर हवा दुसरीकडून कुठून तरी आत येतेय. ही चाचणी दोन-चार सेकंदांतच उरका, कारण काही मोटरी ओढलेल्या हवेवरच थंड होतात आणि तोंड बंद राहिलं की तापतात.

हवा शिरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. केराच्या डब्याच्या झाकणाचं रबर इतक्या वर्षांत पापडासारखं होतं. भिंतीतल्या तोंडाच्या झडपेमागे छोटं गॅस्केट, म्हणजे हवाबंद करणारी रबरी चकती, असतं, ते दबून चपटं झालेलं असतं. पाइपाचे सांधे कोपऱ्यावर सुटतात, कारण ही भिंत घराची नाही, ती रस्त्यावर हादरे खाते. मी झाकणाला हार्डवेअरच्या दुकानातली फोमची चिकटपट्टी लावली, सांध्यांना ॲल्युमिनियमची टेप लावली आणि निम्मी ओढ तिथेच परत आली.

उरलेली निम्मी मोटरीत होती. तुमचीही काढून बघा, चार स्क्रू असतील. आत कार्बनचे दोन ब्रश असतात, ते झिजून संपतात. ब्रशाजवळ बारीक निळसर ठिणग्या दिसल्या तर घाबरू नका, तेवढं चालतं. ब्रश ज्यावर घासतात त्या फिरत्या तांब्याभोवती, म्हणजे कम्युटेटरभोवती, आगीचं कडं दिसत असेल तर मात्र तो गेलाय. किंचाळल्यासारखा आवाज असेल तर बेअरिंग. जुनी मोटर उघडून बेअरिंग बदलणारे हौशी आहेत, मी त्यातला नाही. मी नवी बसवली. हे धूड काढून टाका म्हणणाऱ्यांना एक गोष्ट माहीत नसते: डबा जुना असला तरी आतली मोटर बहुतेकदा ठरावीक मापाची असते. अमेरिकेत अशा अनेक मशिनांत अमेटेक लॅम्ब कंपनीच्या मोटरी असतात आणि त्या व्यासावर आणि पंख्यांच्या संख्येवर मिळतात. माझी 5.7 इंची, दोन पंख्यांची निघाली. शंभर डॉलरच्या आसपास पडली, चांगल्या कॉर्डलेसपेक्षा पुष्कळच कमी. उंची मात्र मोजून घ्या, मी पहिल्यांदा मोजली नव्हती आणि झाकण बसेना.

डबा उघडाल तेव्हा आवाज दाबायला लावलेला फोमही बघा. सत्तरच्या दशकातला फोम आता एकतर चिकट डांबर झालेला असतो किंवा हात लावला की भुगा होतो. तो सगळा खरवडून काढा, नाहीतर भुगा नव्या मोटरीत जाईल. माझा अख्खा शनिवार त्यात गेला.

आता विजेचं. हा 120 व्होल्टवर चालतो, बॅटरीच्या 12 वर नाही. साधा हिशोब आहे: 1200 वॉटची मोटर 12 व्होल्टवर चालवायची तर 100 अँपिअर लागतील आणि तेवढी जाड वायर कपाटात कोणी नेत नाही. म्हणजे कॅम्पग्राउंडची वीज, जनरेटर किंवा दणकट इन्व्हर्टर यांपैकी काहीतरी हवं. 30 अँपिअरचं कनेक्शन असेल तर एकूण 3600 वॉट मिळतात. छतावरचा एसी तेरा-एक अँपिअर घेतो, व्हॅक्यूम दहा घेतो, त्यात कोणी मायक्रोवेव्हमध्ये चहा ठेवला की ब्रेकर पडतो. आमच्याकडे नियम आहे, व्हॅक्यूम चालू असताना चहा मागायचा नाही. मोटर बदलताना अर्थिंगची तार डब्याच्या पत्र्याला नीट जोडलीय ना, तेवढं बघा.

ज्यावर मला खरंच जोर द्यायचाय ते आता. तुमच्या व्हॅक्यूमची हवा कुठे बाहेर पडते? कपाटातच सोडत असेल तर बारीक धूळ परत तुमच्याच उशीवर बसते. असा व्हॅक्यूम मी एक दिवस ठेवणार नाही. जमिनीला भोक पाडून गाडीखाली सोडत असेल तर तो सोन्याचा, कारण कोणताही कॉर्डलेस हे करू शकत नाही. आमच्या मुलाला धुळीने शिंका सुरू होतात, मी तो ठेवला तो मुख्यतः यासाठी. पण बाहेर सोडणारा व्हॅक्यूम मिनिटाला दोन-तीन घनमीटर हवा गाडीतून उपसतो आणि तेवढी हवा कुठून तरी आत येणार. खिडक्या बंद असतील तर ती फरशीच्या फटींतून येते आणि या गाडीत जनरेटर मागच्या बाजूला, पलंगाच्या जवळच असतो. तो चालू असताना व्हॅक्यूम लावलात तर त्याचा धूर आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू स्वतःच्या हाताने आत ओढाल. छतावरची खिडकी उघडी ठेवा आणि जनरेटरवर तर शक्यतो लावूच नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर व्हॅक्यूमचा विचार नंतर करा, आधी तो आणा.

काढायचाच ठरला तर हेच भोक लक्षात ठेवा. एका ओळखीच्यांनी व्हॅक्यूम काढला आणि भोकावर गालिचा अंथरला. पुढच्या सहलीत सगळ्यांची डोकी दुखायला लागली. पत्रा आणि सीलंट लावून ते दोन्ही बाजूंनी बंद करा. तारा टेप गुंडाळून सोडू नका, तिथेच विजेचा डबा बसवून जीएफसीआय आउटलेट (वीज गळली की आपोआप बंद होणारं सॉकेट) करा, कॉर्डलेसचा चार्जर त्यावर बसेल.

कॉर्डलेसला मी नावं ठेवत नाही. अडीच-तीन किलोचं असतं, हातात येतं, पायऱ्यांवरची वाळू पटकन निघते. पण पूर्ण जोरावर दहा मिनिटांच्या आत बॅटरी संपते. शिवाय ती लिथियमची असते, गोठवणाऱ्या थंडीत ती चार्ज करायची नसते, आणि उन्हात बंद गाडीत ठेवली की तिचं आयुष्य कमी होतं. म्हणजे प्रत्येक मुक्कामाला ती घरात-बाहेर न्यायची. आणि चालत्या गाडीत ते मशीन टांगायचं कुठे? पहिल्याच वळणावर खाली येतं.

शेवटचा मुद्दा, आणि कदाचित तुमचा निर्णय यावरच होईल. तुमच्या गाडीत अजून तो मूळचा लांब लवांचा गालिचा आहे का? असेल आणि ठेवणार असाल, तर जोरदार ओढ असलेलं मशीन हवंच. या गाडीला पुढच्या चाकांची ड्राइव्ह, मधून मागच्या चाकांकडे शाफ्ट जात नाही, म्हणून जमीन अगदी खाली. चढायला सोपी, पण वाळूही तितक्याच सहज चढते. आम्ही लेक मिशिगनच्या स्लीपिंग बेअर ड्यून्सला गेलो होतो तेव्हाची वाळू त्या गालिच्यातून वर्षभर निघत होती. पुढच्या उन्हाळ्यात तो गालिचा काढून विनाइल अंथरलं. त्याच वर्षी आई मिरजेहून आली होती. मी कौतुकाने व्हॅक्यूम चालू करून दाखवला, तिने दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "झाडू कुठाय?" पाच मिनिटांत सगळी गाडी झाडून झाली. तेव्हापासून व्हॅक्यूम आठवड्यातून एकदा, पलंग आणि सीटच्या फटींसाठी.

तर हवा बाहेर सोडणारा असेल आणि गालिचा राहणार असेल, तर दुरुस्त करा. कपाटातच सोडत असेल आणि जमीन विनाइलची असेल, तर घरातला सल्ला बरोबर आहे, कपाट मोकळं करा. मोटरीवरच्या प्लेटचा फोटो इथे टाकलात तर कोणती बसेल ते सांगतो. तळहात लावल्यावर आवाज चढला की नाही, तेही लिहा.