पोकरट्रॅकर हळू चालतोय? आधी डिस्क बघ

प्रोसेसर बदलायचा विचार सध्या बाजूला ठेव. पोकरट्रॅकर 4 हा पोकरच्या खेळाची नोंद ठेवणारा प्रोग्राम सगळे हात (खेळलेले डाव) पोस्टग्रेएसक्यूएलच्या डेटाबेसमध्ये साठवतो. रिपोर्ट उघडला की डिस्कवर विखुरलेले हजारो छोटे तुकडे वाचावे लागतात. फिरत्या हार्ड डिस्कचं डोकं प्रत्येक तुकड्यासाठी जागा बदलतं, तिथेच वेळ जातो. रिपोर्ट चालू असताना टास्क मॅनेजर उघड. डिस्क 100 टक्क्यांवर आणि प्रोसेसर निवांत दिसला, तर दुखणं डिस्कचंच आहे.

साधी साटा एसएसडी (साटा जोडणीची, फिरता भाग नसलेली डिस्क) टाकलीस तरी जमीन-अस्मानाचा फरक पडेल. ती सेकंदाला साधारण 550 एमबीपर्यंत जाते, एनव्हीएमई (जास्त वेगवान जोडणीची एसएसडी) त्याच्या कितीतरी पुढे. पण ट्रॅकरला त्या मोठ्या आकड्याचा फायदा कमीच, म्हणून महागड्या मॉडेलच्या मागे लागू नकोस. 500 जीबी घे आणि थोडी जागा कायम मोकळी ठेव.

पुण्याच्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाण्याआधी लॅपटॉपचं मॅन्युअल नक्की वाच. एम.2 ची पट्टी (पट्टीच्या आकाराची छोटी एसएसडी) साटाचीही असते, एनव्हीएमईचीही. काही स्लॉट एकच प्रकार घेतात. दुकानदाराला मॉडेल नंबर दाखव, नुसतं ‘एसएसडी द्या’ म्हणू नकोस.

डेटाबेसचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतल्याशिवाय स्क्रू काढू नकोस, हे कळकळीने सांगतो. 2025 च्या कायद्याने आपल्याकडे पैशांचा ऑनलाइन खेळ बंद झालाय, त्यामुळे जुने हात हाच अभ्यासाचा खजिना आहे. नवीन डिस्कवर डेटाबेस आला की ट्रॅकरमधलं हाउसकीपिंग (डेटाबेसची साफसफाई) एकदा चालव.