वडील समुद्रात वारले, तेव्हापासून पाण्याला घाबरणाऱ्या नायिकेची उन्हाळी प्रेमकथा लिहितेय. ती पटेल अशी कशी लिहू?

प्रेमामुळे दुःख बरं होतं, असं दाखवू नका. नायक औषध झाला की माणूस उरत नाही; त्यालाही स्वतःचं काम, स्वतःची अडचण द्या.

शोक ठरलेल्या पायऱ्यांनी संपत नाही. मानसशास्त्रज्ञ मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक स्खुट यांनी १९९९ साली मांडलेलं प्रारूप लेखकाच्या फार कामाचं आहे: माणूस आठवणींकडे आणि रोजच्या जगण्याकडे आलटूनपालटून जात राहतो. सकाळी आंब्याच्या पेटीत पेंढा भरताना ती हसू दे. दुपारी वडिलांच्या शर्टाच्या खिशात एसटीचं तिकीट सापडल्यावर कोलमडू दे. आपल्याला बरं वाटलं याचीच बोच, हा नायक-नायिकेतला खरा अडथळा. गैरसमज घुसडायची गरजच नाही.

भीतीचं वेगळं असतं. टाळलं की लगेच हायसं वाटतं, म्हणूनच टाळणं पक्कं होतं. म्हणून तिला पाण्याजवळ हळूहळू जाऊ दे: आधी सुरूच्या बनातून लाटा ऐकणं, मग ओली वाळू, मग घोटाभर पाणी, आणि दर वेळी धडधड ओसरेपर्यंत तिथेच थांबणं. त्याने हात धरून ओढलं तर भीती वाढेल, विश्वासही जाईल. मधे एकदा ती उलटी पळालीच पाहिजे.

कोकण घेतलंत तर मुदत आयती मिळते: मेअखेर हापूस संपत येतो, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या. शेवटी तिला पोहायला लावू नका, जूनचा समुद्र धोक्याचा. मे महिन्यातलं गुडघाभर पाणी पुरे.