करिअर कक्षाकडून नेमकं काय मागावं? : संगीताच्या विद्यार्थ्यांचे प्रश्न

संगीत शिकवणाऱ्या अनेक संस्थांमध्ये करिअर मार्गदर्शन कक्ष असतो. तिथे मदत मिळते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण काय मागायचं ते कळत नाही. यावेळच्या बहुतेक पत्रांचा सूर असाच आहे.

प्रश्न : गायनाच्या शेवटच्या वर्षाला आहे. करिअर कक्षात गेले तेव्हा ‘पुढे काय करायचंय?’ असं विचारलं. मला सांगता आलं नाही आणि भेट तिथेच संपली. पुन्हा जाण्यात अर्थ आहे का?

नक्की आहे. फक्त रिकाम्या हाताने जाऊ नका. सल्लागाराकडे तुमच्यासाठी अर्धा-पाऊण तास असतो आणि ‘मी काय करू?’ या प्रश्नातच तो निघून जातो. समोर कागद असले, की त्याच वेळात बरंच काम होतं.

सगळ्यात उपयोगी कागद म्हणजे गेल्या बारा महिन्यांतल्या कामांची यादी. मैफल, साथ, शिकवणी, स्टुडिओतलं कोरस, कुणासाठी केलेलं स्वरलेखन, सगळं लिहा. विनामोबदला केलेलंही लिहा. प्रत्येक कामापुढे किती तास गेले, काम कुणाकडून आलं आणि त्याच माणसाने पुन्हा बोलावलं का, हे नोंदवा. पुन्हा बोलावल्याचा रकाना नीट वाचा. एकल गायनासाठी धडपडणाऱ्या मुलीला पुन्हा पुन्हा बोलावणी येतात ती लहान मुलांच्या वर्गासाठी किंवा गटाला सूर धरून देण्यासाठी, असं त्यात दिसू शकतं. म्हणून एकल गायन सोडायचं असं नाही, पण पहिली दोन वर्षं हाताशी कोणतं काम राहील ते त्यावरून कळतं.

यादीसोबत बायोडेटाचा कच्चा मसुदा, दोन रेकॉर्डिंग आणि एक खरी जाहिरात न्या : शिष्यवृत्ती, शिक्षकाची जागा, गटाची ऑडिशन, काहीही. तिच्या शेवटच्या तारखेपासून उलटं मोजत वेळापत्रक आखून मागा. आठ आठवडे असतील तर पहिल्या आठवड्यात रचना आणि साथीदार ठरवायचे. शिफारसपत्राची विनंतीही तेव्हाच करायची, कारण सर्वात जास्त उशीर तिथेच होतो. शिक्षकांना किमान चार आठवडे द्या. विनंतीसोबत जाहिरात, बायोडेटा आणि पत्रात काय यावं याचे तीन मुद्दे पाठवा. नाहीतर ‘विद्यार्थिनी मेहनती आहे’ एवढंच लिहून येतं आणि निवड समितीला त्यातून काहीच कळत नाही. रेकॉर्डिंग चौथ्या आठवड्यापर्यंत व्हायला हवं, म्हणजे बिघडलं तर पुन्हा करता येतं. शेवटचा आठवडा फक्त फॉर्म तपासून पाठवण्यासाठी ठेवा.

सराव-ऑडिशनही मागून घ्या. परीक्षक म्हणून तुम्हाला न ओळखणारी दोन माणसं हवीत. त्यांनी मध्येच थांबवावं, दुसरी रचना मागावी, ‘आता फक्त शेवटचा भाग म्हणा’ असं सांगावं. विस्ताराने गाण्याची सवय झालेल्यांची अडचण इथेच होते : आठ मिनिटं मिळतात आणि पाच मिनिटं वातावरण तयार करण्यात जातात. त्याच गाण्याचा तीन, आठ आणि पंधरा मिनिटांचा आराखडा वेगवेगळा तयार ठेवा आणि तिन्ही घड्याळ लावून म्हणून पाहा.

बायोडेटाही एकच ठेवू नका. गायनासाठीचा एका पानाचा असावा : वर आवाजाचा प्रकार किंवा पट्टी, मग गुरू, सादरीकरणं, शेवटी शिक्षण. रचनांची यादी वेगळ्या पानावर. शिकवण्याच्या नोकरीसाठी मात्र आधी हे हवं : कोणत्या वयाची मुलं, एका वर्गात किती, कोणत्या पातळीपर्यंत शिकवलं. मैफलींची लांबलचक यादी शाळेच्या मुख्याध्यापकांच्या कामाची नसते.

प्रश्न : ऑडिशनसाठी फोनवर व्हिडिओ केला. हळू भागात आवाज फुगतो, जोरकस तानेला दबतो आणि मागचा तानपुरा मधूनच नाहीसा होतो. फोन खराब आहे का?

फोन बहुधा ठीक आहे. बोलणं स्पष्ट ऐकू यावं म्हणून फोन आवाजाची पातळी स्वतःहून कमी-जास्त करतो. तुम्ही हळू गायलात की तो पातळी वर नेतो आणि जोरात गायलात की खाली ओढतो. तुम्ही जाणीवपूर्वक केलेला लहान-मोठा आवाज त्यामुळे सपाट होतो. आणि सलग, न बदलणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं गोंगाट कमी करणारी यंत्रणा धरून चालते. पंख्याची घरघर आणि तानपुऱ्याचा नाद यांतला फरक तिला कळत नाही.

उपाय असा. चित्र फोनवर घ्या, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. कक्षात किंवा महाविद्यालयाच्या स्टुडिओत रेकॉर्डर उसना मिळतो का ते विचारा. त्याची स्वयंचलित पातळी बंद करा, फाइलचा प्रकार डब्ल्यूएव्ही (WAV), २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. मग गाण्यातला सगळ्यात जोरकस भाग म्हणा आणि रेकॉर्डरवरचा आवाजाची पातळी दाखवणारा काटा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहील अशी पातळी लावा. बरेच जण हळू आलाप म्हणून पातळी लावतात आणि पुढे वरच्या षड्जावर आवाज फाटतो. फाटलेला आवाज नंतर नीट दुरुस्त होत नाही. साध्या खोलीत रेकॉर्डर तोंडापासून मीटर-सव्वा मीटरवर ठेवून सुरुवात करा. आणखी लांब नेला की खोलीचा घुमारा वाढतो. जाड पडदे आणि गाद्या असलेली खोली मोकळ्या भिंतींच्या खोलीपेक्षा बरी. पंखा आणि फ्रिज बंद करा. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवणं सोपं जातं.

फोन आडवा धरा. वादक असाल तर दोन्ही हात आणि चेहरा एकाच चौकटीत यायला हवेत. नियमांत स्पष्ट परवानगी नसेल तर मध्ये कुठेही काटछाट करू नका. जोड दिसला की अर्ज बाद होऊ शकतो. यूट्यूबवर चढवताना ‘अनलिस्टेड’ (दुवा असलेल्यालाच दिसेल असा पर्याय) निवडा. ‘प्रायव्हेट’ ठेवलं तर दुवा असूनही परीक्षकांना व्हिडिओ उघडत नाही. पाठवण्याआधी तो दुवा दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा.

ऑडिशन थेट झूमवर असेल तर तिथेही गोंगाट कमी करण्याची सोय असते. सेटिंगमध्ये संगीतकारांसाठी ‘ओरिजिनल साउंड’ हा पर्याय आहे तो सुरू करा. आदल्या दिवशी मित्राला पलीकडे बसवून तानपुरा सलग ऐकू येतो का ते विचारा.

प्रश्न : पदवी घेऊन तीन वर्षं झाली. कक्षाची मदत अजून मिळेल का? आणि संगीतोपचाराच्या क्षेत्रात काम करता येईल का?

प्रत्येक संस्थेचा नियम वेगळा असतो. काही ठिकाणी पदवीनंतर ठरावीक वर्षं, तर काही ठिकाणी कायम मदत मिळते. एक ईमेल करून विचारा आणि त्यातच काय हवंय ते लिहा. माजी विद्यार्थ्यांसाठी सर्वात मोलाची गोष्ट म्हणजे ओळखी. ‘शिकवणं आणि स्टुडिओ दोन्ही सांभाळणाऱ्या एखाद्या माजी विद्यार्थ्याशी वीस मिनिटं बोलायचंय’ असं नेमकं लिहिलंत, तर कक्षाला योग्य माणूस शोधता येतो. जाताना आपला परिचय ५०, १५० आणि ३०० शब्दांत, तृतीयपुरुषी, लिहून न्या. आयोजकाला ५० शब्द हवे असताना तुम्ही ३०० पाठवलेत, तर छाटणारा माणूस तुमचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्यच उडवू शकतो.

संगीतोपचाराबद्दलही तुम्ही विचारलं आहे. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण लागतं. चांगलं गाता येणं आणि रुग्णासोबत उपचार म्हणून काम करणं या निराळ्या गोष्टी आहेत. प्रशिक्षणाशिवाय त्यात पडू नका.

प्रश्न : आमच्या गटाने एका निर्मात्यासाठी दोन गाणी रेकॉर्ड केली. आता ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ असा कागद सहीसाठी आला आहे. मानधन एकरकमी आहे. सही करावी का?

आत्ता करू नका, आधी कक्षात दाखवा. कक्षाला वकील उपलब्ध नसला तरी धोक्याच्या जागा ते दाखवू शकतात आणि वकिलाकडे कधी जायचं तेही सांगतात.

गाण्यात दोन वेगळे हक्क असतात : चाल आणि शब्दांचा एक, आणि त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा दुसरा. ‘सर्व हक्क’ म्हटलं की दोन्ही एकाच सहीत जाऊ शकतात. गाणं पुढे दुसऱ्या कुणी गायचं की नाही, हे ठरवणं मग चाल करणाऱ्याच्या हातात राहत नाही. निर्मात्याला बहुधा रेकॉर्डिंग हवं असतं. तेवढंच देऊन चाल आणि शब्द आपल्याकडे ठेवता येतात का ते विचारा. मुदत मागा, माध्यमांची नावं लिहून घ्या, गाणं दिसेल तिथे सर्वांची नावं येतील हेही लिहून घ्या. लिहून देणं निर्मात्याने टाळलं, तर तोंडी आश्वासनावर सही करू नका.

गटाने आपसातही एक पान लिहायला हवं : गाण्याचं नाव, चाल कुणाची, शब्द कुणाचे, कुणाचा वाटा किती टक्के. बेरीज १०० यायला हवी आणि सर्वांच्या सह्या हव्यात. हे रेकॉर्डिंगच्या दिवशीच करतात. पैसे यायला लागल्यावर प्रत्येकाला आपला वाटा मोठा आठवतो. रेकॉर्डिंगचा १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक आणि रचनेचा, ‘टी’ने सुरू होणारा, आयएसडब्ल्यूसी क्रमांक मिळाल्यावर त्याच पानावर लिहून ठेवा. पहिला ध्वनिमुद्रणाची ओळख आहे, दुसरा रचनेची. अर्ज भरताना या दोघांची अदलाबदल सर्रास होते.

प्रश्न : दीड तासाच्या कार्यक्रमाचं मानधन कसं सांगावं?

दीड तासाचं सांगू नका. तीन-तीन तासांच्या दोन तालमी ६, जाणं-येणं ४, आवाजाची चाचणी १, थांबणं १ आणि कार्यक्रम दीड, असे साडेतेरा तास होतात. त्यावर आकडा काढा. प्रवासखर्च आणि साथीदारांचं मानधन वेगळं दाखवा. होकार देताना मेसेजमध्ये एवढं लिहून घ्या : तारीख, पोचण्याची वेळ, सादरीकरणाची लांबी, आगाऊ रक्कम, उरलेली रक्कम कोणत्या दिवशी, ध्वनिव्यवस्था कुणाची, कार्यक्रम रद्द झाला तर किती मिळणार. कार्यक्रमाचं चित्रीकरण करून ते प्रसारित करायचं असेल, तर त्याचं मानधन वेगळं ठरवा.