शेतात गडप झालेली डाइक

प्रश्न : साक्री तालुक्यातल्या आमच्या शेताकडेने काळ्या दगडाची भिंतीसारखी रांग पूर्व-पश्चिम जाते नि मातीखाली गडप होते. चुंबकीय सर्वेक्षणाने ती पुढे कुठे जाते ते कळेल का? बोअर घ्यायचा आहे.

उत्तर : रांग कळेल, पाणी नाही. धुळे-नंदुरबार पट्ट्यात अशा शेकडो भिंती आहेत. लाव्हाच्या थरांतल्या उभ्या भेगांत घुसून थिजलेला हा खडक म्हणजे डाइक. त्यातल्या मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजामुळे तुमच्याकडच्या साधारण ४४ हजार नॅनोटेस्लाच्या (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) चुंबकीय क्षेत्रात शे-दोनशे, कधी त्याहून जास्त फरक पडतो. हे क्षेत्र मोजणारं यंत्र, प्रोटॉन मॅग्नेटोमीटर, एका नॅनोटेस्लाचाही फरक दाखवतो.

रांग जिथे उघडी दिसते तिथूनच सुरुवात करा. तिला काटकोनात, म्हणजे दक्षिणोत्तर, दोनशे मीटरची रेघ आखून दर पाच मीटरला वाचन घ्या. आकडे झपाट्याने बदलू लागले की दर दोन मीटरला. दिसणाऱ्या डाइकवर आलेख कसा येतो ते कळलं, की पन्नास-पन्नास मीटर सरकत मातीवर तोच आकार शोधायचा. सेन्सर दोन-अडीच मीटरच्या काठीवर हवा. खाली धरला तर सुट्या धोंड्यांचं चुंबकत्वच मोजलं जातं. एका जागी तीन वाचनं घ्या. ती जुळली नाहीत तर आधी खिसे तपासा. किल्ली, मोबाइल, पट्ट्याचं बक्कल! तारेचं कुंपण, मोटारपंप, विजेची लाइन यांच्याजवळची वाचनं सरळ सोडून द्या.

बहुतेकांची फसगत होते ती पुढे. आपल्याकडे चुंबकीय क्षेत्राचा कल (जमिनीच्या आडव्या पातळीशी होणारा कोन) सुमारे ३० अंशच असल्याने आलेखाचं शिखर डाइकच्या डोक्यावर येत नाही. एका बाजूला चढ, दुसऱ्या बाजूला उतार दिसतो. त्यातच काही डाइक पृथ्वीचे ध्रुव उलटे असताना थिजल्या, त्यांचा आलेख आणखी वेगळा. म्हणून शिखरावर खुंटी ठोकून बोअर घेऊ नका.

डाइक अखंड असेल तर ती बांधासारखी भूजल अडवते, तेव्हा जमिनीच्या चढाकडची बाजू बरी. तडकलेली असेल तर पाणी तिच्यातूनच वाहतं. हे ठरवायला आसपासच्या विहिरींची पातळी नि विद्युतरोध सर्वेक्षण (जमीन विजेला किती अडवते याची मोजणी) हवं.

प्रश्न : सकाळ-दुपारची वाचनं एकाच जागी वेगळी का येतात?

उत्तर : सूर्यामुळे वातावरणाच्या वरच्या थरात वाहणाऱ्या विद्युतप्रवाहांमुळे. दिवसभरात ३०-५० नॅनोटेस्लाचा फरक सहज पडतो. एकच यंत्र असेल तर दर वीस मिनिटांनी ठरलेल्या खुंटीवर परत येऊन वाचन घ्या नि तो फरक वजा करा. चुंबकीय वादळाच्या, म्हणजे सूर्यामुळे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र फार डळमळतं त्या दिवशी काम बंद. माणसाच्या विजेचाही उपद्रव कमी नाही: मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवावी लागली होती.