चेंडू गोल आणि नाणेही गोल?

विचारणा अशी आहे: सहा वर्षांच्या मुलीला आकारांची ओळख करून देताना घरात चेंडू, नाणे आणि ताटली या तिन्हींना 'गोल' म्हटले जाते, मग तिच्या पुस्तकात 'वर्तुळ' आणि 'गोल' हे दोन वेगळे शब्द का आहेत, आणि खोके दाखवून 'हा चौकोन' असे सांगणे कितपत बरोबर आहे?

माझे उत्तर असे की बोलण्यातले विशेषण सैल राहिले तरी चालते, नाम मात्र काटेकोर हवे. मराठीत ही सोय मुळातच आहे. 'चौकोन' आणि 'त्रिकोण' ही नामे, तर 'चौकोनी' आणि 'त्रिकोणी' ही त्यांची विशेषणे. म्हणून 'खोके चौकोनी आहे' हे वाक्य निर्दोष आहे, कारण ते खोके कसे दिसते एवढेच सांगते. 'खोके हा चौकोन आहे' हे मात्र चूक, कारण चौकोन ही सपाट आकृती आहे आणि खोक्याला लांबी-रुंदीबरोबर उंचीही आहे. 'हे कसे दिसते?' आणि 'याला काय म्हणतात?' हे दोन प्रश्न मुलांना वेगवेगळे विचारले, तर हा फरक व्याख्येवाचून कळू लागतो.

अडचण येते ती नेमकी 'गोल' या शब्दापाशी. त्याला 'चौकोनी'सारखे वेगळे विशेषणरूप नाही. एकच शब्द विशेषण म्हणूनही येतो आणि नाम म्हणूनही. 'नाणे गोल आहे' यात तो विशेषण आहे, तर पुस्तकातल्या 'गोल, शंकू, वृत्तचिती' (म्हणजे नळकांड्यासारखी आकृती) या यादीत तो नाम आहे आणि तिथे त्याचा अर्थ चेंडूसारखी आकृती एवढाच होतो. हा अर्थ पाठ्यपुस्तकांनी नव्याने लादलेला नाही. आर्यभटाने इ. स. 499 च्या सुमारास रचलेल्या ग्रंथाच्या चौथ्या भागाचे नाव 'गोलपाद' आहे, आणि भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणीत 'गोलाध्याय' आहे. दोन्हीकडे विषय आहे तो आकाशाच्या आणि पृथ्वीच्या गोलाचा. 'भूगोल' आणि 'खगोल' हे आपले रोजचे शब्द तोच अर्थ जपून आहेत. उलट त्या गोलावर काढलेल्या रेषांना आपण 'विषुववृत्त' आणि 'अक्षवृत्त' म्हणतो. घरात पृथ्वीगोल असेल तर मुलीचे बोट विषुववृत्तावरून एकदा पुरते फिरवून आणावे: बोट जिच्यावरून फिरले ती रेषा म्हणजे वर्तुळ, आणि हातात धरला आहे तो गोल. 'वृत्त' आणि 'वर्तुळ' हे दोन्ही शब्द 'फिरणे' या अर्थाच्या 'वृत्' धातूपासून आले आहेत, त्यामुळे बोट फिरवणे हे इथे शब्दाच्या अर्थाशीही जुळते.

लहान वयात 'गोल' या नामाऐवजी 'गोळा' म्हटले तरी बिघडत नाही, असे मला वाटते. तो शब्द मुलाच्या तोंडी आधीपासून असतो आणि नाण्याला कोणी गोळा म्हणत नाही. एक चूक मात्र मोठ्यांच्या लेखनातही सर्रास दिसते: कागदावरच्या अर्ध्या वर्तुळाला 'अर्धगोल' म्हणणे. ते 'अर्धवर्तुळ' आहे. चेंडू मधोमध कापला तर प्रत्येक भाग अर्धगोल होतो.

आता नाण्याकडे येऊ. वर्तुळाचे उदाहरण म्हणून सगळे नाणेच दाखवतात, पण नाण्याला जाडी असते. एकावर एक वीस नाणी रचली की उभी वृत्तचिती तयार होते, म्हणजे एक नाणे हीसुद्धा एक बुटकी वृत्तचितीच. म्हणून नाणे कागदावर ठेवून त्याच्या कडेने पेन्सिल फिरवावी आणि नाणे उचलून घ्यावे. कागदावर जे उरते त्याला 'वर्तुळ' म्हणावे. खोक्याचेही असेच करावे. एक बाजू टेकवून गिरवली की आयत मिळतो, आणि फाशाची कोणतीही बाजू गिरवली तरी चौरसच मिळतो. सपाट आकृती हातात धरता येत नाही, ती कागदावर उमटते, हे मुलाला स्वतःच्या हाताने कळते. त्यामुळे आधी वस्तू हाताळायला द्यावी आणि मग तिच्या पृष्ठांची नावे सांगावीत, हा क्रम मला अधिक योग्य वाटतो.

'घन' या शब्दाबाबत अधिक सावध राहावे लागते. 'घनाकृती' आणि 'घनफळ' यांत 'घन' म्हणजे जागा व्यापणारी कोणतीही वस्तू. नुसता 'घन' म्हणजे मात्र सहाही पृष्ठे चौरस असलेली एकच विशिष्ट आकृती. आर्यभटाने घनाला 'द्वादशाश्रि', म्हणजे बारा कडांचा, असेही म्हटले आहे. ते नाव मला फार आवडते, कारण फाशावर बोट ठेवून कडा मोजल्या की ते तिथल्या तिथे पटते. घनाकृती समजावताना 'भरीव वस्तू' असा सोपा पर्याय कोणी सुचवतात, पण तो टाळावा. रिकामे खोके पोकळ असूनही घनाकृतीच असते, आणि 'भरीव' म्हटल्यावर मूल नेमके तिथे अडते.

राहिला 'इष्टिकाचिती', म्हणजे खोक्यासारख्या आकृतीचे पुस्तकातले नाव, ज्याच्या उच्चाराचीच मुलांना धास्ती वाटते. 'इष्टिका' म्हणजे वीट. आपला 'वीट' हा शब्द त्याच कुळातला आहे. 'चिती' म्हणजे रचलेला थर किंवा रास. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथात विटांच्या राशीचे गणित 'चितिव्यवहार' या नावाने येते. तेव्हा इष्टिकाचिती म्हणजे विटेच्या आकाराची चिती. आधी वीट दाखवावी, तिच्या आठ कोपऱ्यांना हात लावू द्यावा, काही दिवस 'विटेचा आकार' एवढेच म्हणावे, आणि पुस्तकात तो लांबलचक शब्द समोर आला की त्याची फोड करून दाखवावी.