नायट्रोजनच्या रेणूचा वेग चंद्राच्या मुक्तिवेगापेक्षा (त्याच्या गुरुत्वाकर्षणातून कायमचं सुटायला लागणाऱ्या वेगापेक्षा) कितीतरी कमी आहे, मग चंद्रावर हवा का टिकली नाही?

तू अकरावीत आहेस आणि पुस्तकातलं 'गुरुत्वाकर्षण कमी म्हणून' हे उत्तर तुला पटलं नाही, याचाच मला फार आनंद झाला. मी पुण्यात सदाशिव पेठेत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. हा प्रश्न मुलांनी विचारावा असं मला दरवर्षी वाटतं.

आधी आकडे बघू. आरएमएस वेग (रेणूंच्या वेगांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) म्हणजे 3RT/M चं वर्गमूळ. R हा वायू स्थिरांक, T केल्विनमधलं तापमान आणि M एका मोलचं वस्तुमान. M किलोग्रॅममध्ये घ्यायचा, म्हणजे नायट्रोजनसाठी 0.028. तिथे 28 घातलंस की सगळंच बिघडतं. चंद्रावर भर दुपारी तापमान सुमारे 400 केल्विन असतं. त्याला वेग येतो सेकंदाला साधारण 600 मीटर. चंद्राचा मुक्तिवेग 2380 मीटर, म्हणजे जवळजवळ चौपट. तुझी शंका रास्तच आहे.

पण 600 ही एक प्रकारची सरासरी आहे. काही रेणू रेंगाळत असतात, काही सुसाट असतात. दोरीवरचे ओले कपडे वाळतात तेव्हा पाणी कुठे 100 अंशांना पोचलेलं असतं? त्यातले जोरकस रेणू तेवढे निसटतात. चंद्रावरही तेच. मॅक्सवेलच्या वेग-वितरणातून (कोणत्या वेगाचे किती रेणू असतात ते सांगणाऱ्या सूत्रातून) हिशेब केला तर मुक्तिवेग ओलांडणारा रेणू सुमारे 400 कोटींत एक निघतो. नगण्य वाटतं ना? पण तो गेला की टकरा होऊन त्याची जागा दुसरा घेतो, आणि हे चालायला साडेचार अब्ज वर्षं मिळालेली आहेत.

आता हेच पृथ्वीसाठी कर. 27 अंश सेल्सिअस म्हणजे 300 केल्विन, नायट्रोजनचा वेग 517 मीटर, मुक्तिवेग 11.2 किलोमीटर. इथे तेच प्रमाण इतकं लहान येतं की दशांश चिन्हापुढे 300हून जास्त शून्यं लिहावी लागतात! (निसटणं घडतं ते वातावरणाच्या वरच्या थरात, आणि तिथे तापमान बरंच जास्त असतं. तरी नायट्रोजन टिकतोच.) म्हणून ढोबळ नियम असा, की आरएमएस वेग मुक्तिवेगाच्या एक षष्ठांशाहून कमी असेल तर वायू अब्जावधी वर्षं टिकतो. पृथ्वीसाठी ही मर्यादा 1.87 किलोमीटर. 300 केल्विनला हायड्रोजनचा वेग 1.93 येतो, म्हणून तो आपल्याकडे उरला नाही.

मला सगळ्यात आवडतो तो शनीचा उपग्रह टायटन. मुक्तिवेग 2.64 किलोमीटर, म्हणजे चंद्राच्या जेमतेम वर. तरी तिथे मुख्यतः नायट्रोजनचं दाट वातावरण आहे, पृष्ठभागावरचा दाब आपल्या दीडपट! कारण तिथलं तापमान 94 केल्विन. त्या थंडीत नायट्रोजनचा वेग 290 मीटरच्या आसपास येतो आणि मर्यादा 440 आहे. नुसतं गुरुत्वाकर्षण बघून हे कधीच सुटणार नाही, तापमान घ्यावंच लागतं.

मंगळाला मात्र हा नियम पुरत नाही. कार्बन डायऑक्साइड या चाचणीत आरामात पास होतो, तरी तिथली हवा अगदी विरळ आहे. मंगळाला पृथ्वीसारखं सर्वव्यापी चुंबकीय क्षेत्र नाही आणि सौरवारा (सूर्याकडून सतत येणारा भारित कणांचा झोत) वरच्या थरातले कण ओढून नेतो. 2014मध्ये मंगळाच्या कक्षेत पोचलेल्या नासाच्या मेव्हन यानाने ही गळती मोजली आहे. परीक्षेत मंगळ आला तर सौरवाऱ्याचं एक वाक्य जरूर लिही.